औषध आणि अब्रू: भायखळा ते जे. जे.

ही फेरी बुधवारी करू नये. बुधवारी राणीची बाग बंद असते, बागेच्या दारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद असतं, आणि आपल्याला सुरुवात तिथूनच करायची आहे. इतर कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरावं. अंतर फार नाही. बाग, तुरुंग, मदनपुरा, कामाठीपुरा आणि शेवटी जे. जे. हॉस्पिटल, हे सगळं पाचेक किलोमीटरच्या आत येतं. उन्हाला मात्र जपावं, आणि कामाठीपुऱ्यात कॅमेरा खिशातच ठेवावा.

सालेकसा, आमगाव, देवरीकडच्या माणसाची मुंबईशी पहिली ओळख पुष्कळदा दवाखान्यामुळेच होते. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस, हातात एक्स-रेची पिवळी पडलेली पाकिटं, खिशात कुणीतरी दिलेली डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी. असा माणूस जे. जे.च्या फाटकातून आत शिरतो तेव्हा त्याला केसपेपरची खिडकी शोधायची असते. दगडी कमानी बघायला फुरसत कुणाला? हे प्रकरण त्या कमानींबद्दल आहे आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांबद्दल. मुंबईचं आधुनिक वैद्यक या पट्ट्यात वाढलं, आणि शहराला महिनोन्‌महिने चघळायला पुरलेली काही प्रकरणंही याच पट्ट्याशी जोडलेली आहेत. ती सगळी शेजारी शेजारी ठेवली की एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो: तपासायचं कोणाला?

संग्रहालयापासून निघू. इमारत 1872 साली लोकांसाठी उघडली ती व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावानं. भाऊ दाजींचं नाव तिला 1975 मध्ये मिळालं. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. आत जुन्या मुंबईचे नकाशे आणि नाना जातिधंद्यांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पाहायला तासभर सहज जातो, पण आपलं काम आहे ते ज्यांचं नाव दारावर आहे त्यांच्याशी.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी 1851 मध्ये बाहेर पडली, त्यात ते होते. शिलालेख वाचणारे, नाणी जमवणारे, फोटो काढणारे, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले. एका आयुष्यात इतकं कोंबणारा माणूस आज सापडणार नाही. धाकटे भाऊ नारायण दाजी यांच्यासह ते गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवत, आणि दुसरीकडे शहरातली श्रीमंत गुजराती घरंही त्यांनाच बोलावत. वल्लभ संप्रदायाचे महाराज, म्हणजे पुष्टिमार्गी हवेल्यांचे गादीवरचे गुरू, हेही त्यांचे रुग्ण होते.

करसनदास मुळजी या तरुण पत्रकारानं आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकात 21 ऑक्टोबर 1860 रोजी एक लेख छापला. महाराज लोक धर्माच्या नावाखाली भक्तांच्या बायका-मुलींना भ्रष्ट करतात, असा त्याचा उघड रोख होता आणि त्यात जदुनाथजी महाराजांचं नाव होतं. महाराजांनी पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटला उभा राहण्याआधीच भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी ठरवलं की महाराजांविरुद्ध साक्ष द्यायला आपल्यातल्या कुणी जायचं नाही. त्याबद्दल त्यांच्यावरच कटाचा वेगळा खटला झाला आणि त्यांना दंड भरावा लागला. मुख्य खटला 25 जानेवारी 1862 रोजी सुप्रीम कोर्टात सुरू झाला. हे कोर्ट तेव्हा कोटात अपोलो स्ट्रीटवर होतं. हायकोर्टाचा जन्म त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. सुनावणीला एवढी गर्दी लोटायची की वर्तमानपत्रांना दुसरा विषय उरला नाही.

भक्तांची साक्ष भक्तांविरुद्ध, एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध. तेवढ्यावर निकाल कुठेही गेला असता. कोर्टाचा कल ठरवण्यात मोठा वाटा होता तो डॉक्टरांच्या साक्षीचा. भाऊ दाजींनी शपथेवर सांगितलं की महाराजांवर आपण उपदंशाचे उपचार केले आहेत. लोक त्या रोगाला ‘चांदी’ म्हणत. डॉ. धीरजराम दलपतराम यांनीही त्याच स्वरूपाची साक्ष दिली. जदुनाथजींनी असा रोग झाल्याचं नाकारलं होतं. न्यायाधीशांनी डॉक्टरांचं खरं मानलं. 22 एप्रिल 1862 रोजी निकाल लागला आणि करसनदास सुटले. खर्चापोटी त्यांना साडेअकरा हजार रुपये मिळाले. ‘महाराज’ हा हिंदी चित्रपट 2024 मध्ये आला तेव्हा त्याचं प्रदर्शन काही दिवस गुजरात हायकोर्टानं रोखून धरलं होतं. 162 वर्षांनंतरही त्या साक्षीपुराव्याला धग होती तर.

रुग्णाचं गुपित डॉक्टरनं कोर्टात फोडावं का? भाऊ दाजींपुढे कायद्यानं फारसा पर्याय नव्हता. इंग्लंडमध्ये 1776 साली डचेस ऑफ किंग्स्टन या बाईवर दोन नवरे केल्याचा खटला चालला. तिच्या शल्यवैद्यानं, सीझर हॉकिन्सनं, रुग्णाचं बोलणं सांगायला का-कू केली. लॉर्ड मॅन्सफिल्डनं त्याला बजावलं की कोर्टानं विचारल्यावर वैद्याला गप्प बसता येणार नाही. तोच दंडक इथेही चालला. पुढे 1872 चा पुरावा कायदा झाला. त्यानं वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं सुरक्षित केलं, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातलं नाही. वकिलाला सांगितलेलं पाप झाकलं जातं, डॉक्टरला दाखवलेला रोग झाकला जातच असं नाही. मला या व्यवस्थेत काहीतरी उलटं दिसतं. तरी महाराजांच्या खटल्यापुरतं भाऊ दाजींच्या बाजूनं उभं राहायला मला जड जात नाही. ज्याच्या पायावर शहरातले शेठ डोकं ठेवत होते, त्याच्याच शरीराचा दाखला कोर्टात मागितला गेला. या फेरीत असं पुन्हा घडलेलं आपल्याला दिसणार नाही.

गुपिताची दुसरी बाजूही याच माणसाकडे होती. भाऊ दाजींनी महारोगावर एक औषध शोधलं होतं, रुग्णांना गुण येत होता, पण औषध कशाचं ते त्यांनी उघड केलं नाही. खात्री पटेपर्यंत सांगायचं नाही, असा त्यांचा पवित्रा होता. विरोधकांनी त्यावरून टीकेची झोड उठवली. 1874 मध्ये ते गेले. ते तेल कडू कवठाच्या जातीच्या बियांचं होतं, असं पुढे मानलं गेलं. त्याच कुळातलं चौलमुग्रा तेल विसाव्या शतकात कित्येक दशकं जगभर महारोगावर वापरलं गेलं.

बागेतून बाहेर पडताना उजव्या-डाव्या हाताला रेंगाळू नका. जवळच मसिना हॉस्पिटल आहे, त्याच्यासमोर मात्र दोन मिनिटं थांबा. डॉ. होरमसजी मसिना यांनी 1902 मध्ये सुरू केलेलं हे इस्पितळ ज्या वाड्यात बसलं, तो डेव्हिड ससून यांचा ‘सां सूसी’ बंगला. ससूनांची दौलत कापसाची तशीच अफूचीही. हा अफूचा धागा जे. जे.च्या दारात पुन्हा हाती लागेल.

आता रेल्वे ओलांडून पश्चिमेला यायचं. भायखळ्याचा तुरुंग ही काही बघायची जागा नव्हे, आत कुणी सोडतही नाही. भिंतीच्या कडेनं चालत जायचं. जगातल्या पहिल्या प्लेगविरोधी लशीची पहिली मोठी परीक्षा या भिंतीच्या आत झाली.

मुंबईत प्लेग आला 1896 च्या सप्टेंबरात. मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी तो ओळखला. त्याच ऑक्टोबरात सरकारनं कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं. ओडेसाचा ज्यू, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, कॉलऱ्याची लस करून भारतात आलेला. त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचं पाणी लागतं. हिंदू-मुसलमान दोघांनाही चालावं म्हणून गाय आणि डुक्कर टाळून बकऱ्याचं मांस घेतलं गेलं. त्या पाण्यावर तुपाचे थेंब सोडले की जंतू थेंबांना खालून लोंबत वाढत. बाटली हलवली की ते गळून तळाशी जात आणि वर नवे धरत. लोंबणारी ही वाढ दिसली म्हणजे आत प्लेगचाच जंतू आहे अशी खूण पटायची. मग ती बाटली तापवून जंतू मारायचे. आपल्या चुलीवरचं तूप जागतिक लसशास्त्रात असं दाखल झालं, याचा गवगवा कुणी केला नाही.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिननं लस स्वतःला टोचून घेतली, नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, गाठ दुखली, माणूस उठून कामाला लागला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे पुढे आले त्यांना टोचलं, उरलेल्यांना तसंच ठेवलं, आणि दोन्ही गटांतले आजारी व मृत मोजले. टोचलेल्यांमध्ये रोगही कमी आणि मरणही कमी. पद्धत म्हणून ही चाचणी आजही शिकवण्याजोगी आहे: एकच तुरुंग, एकच जेवण, फरक फक्त सुईचा. कैदी ‘स्वेच्छेनं’ पुढे आले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ज्याच्या दाराला बाहेरून कडी आहे त्याची स्वेच्छा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

हाफकिनवर पाळी आली ती पाच वर्षांनी, आणि मुंबईपासून फार दूर. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना मुंबईत बनलेली लस टोचली गेली. त्यातले 19 जण धनुर्वातानं मेले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. बाटलीचा क्रमांक 53-एन. हाफकिननं लस करताना कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडली होती, म्हणून दोष प्रयोगशाळेचा, असं चौकशीनं ठरवलं. त्याला कामावरून दूर केलं गेलं. मग हळूहळू गावातली हकीगत पुढे आली: बाटलीचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट न उकळता, नुसता औषधाच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू राहतात मातीत. शिवाय बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर उघडताच तिला घाण वास यायला हवा होता. तो आला नव्हता. मलेरियावर काम करणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी 1907 च्या जुलैत लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिनची बाजू मांडली आणि त्याच वर्षी त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तो भारतात परतला, पण मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. ती 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होती आणि तिला त्याचं नाव 1925 मध्ये दिलं गेलं. नाव देणं सरकारला नेहमीच सोपं जातं.

तुरुंगाकडून मदनपुऱ्यात शिरलं की हवा बदलते. हातमागवाल्या जुलाह्यांची ही वस्ती, उत्तर प्रदेशातून येऊन इथे रुजलेली. माग गेले, आता चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटं शिवणारे कारखाने आहेत. प्लेगच्या साथीत या वस्तीनं काय पाहिलं ते इथे सांगायला हवं. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. (हाच कायदा 2020 मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला.) त्या कायद्याच्या जोरावर पथकं घरात शिरू लागली: काखेत आणि जांघेत गाठ चाचपायची, संशय आला तर इस्पितळ, घरच्यांना छावणी, सामानाला आग. पुण्यात याचं काय झालं, रँडचं काय झालं, ते मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. मुंबईत ठिणगी पडली ती इथे. 9 मार्च 1898 रोजी पथक एका जुलाह्याच्या घरी आजारी मुलीला बघायला आलं. मुलगी बारा-तेरा वर्षांची. परक्या पुरुषानं तिला तपासायला घरच्यांनी नकार दिला. माणसं जमली, दगड आले, गोळीबार झाला, आणि दंगा मदनपुऱ्याबाहेर ग्रँट रोडपर्यंत पसरला. त्यात लोकही मेले आणि गोरे शिपाईही.

तेव्हाच्या इंग्रजी अहवालांत याला अडाणीपणा म्हटलंय. इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचं औषध काढतात, अशी अफवा खरोखरच होती. पण इस्पितळात गेलेली बहुतेक माणसं परत येत नव्हती, हेही खरंच होतं. लोकांनी निष्कर्ष चुकीचा काढला असेल, निरीक्षण चुकीचं नव्हतं. आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं ते त्याच 1898 मध्ये, कराचीत. म्हणजे मदनपुऱ्यात त्या दिवशी तपासायला हवं होतं ते धान्याचं कोठार. दंग्यानंतर सरकारनं घरझडत्यांचा जोर कमी केला.

मदनपुऱ्याच्या दक्षिणेला बेलासिस रोड ओलांडला की कामाठीपुरा. तेलंगणाकडून बांधकामाला आलेल्या कामाठ्यांची वस्ती, म्हणून हे नाव. गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, पुढे चौदा-पंधरापर्यंत. पश्चिमेच्या शुक्लाजी स्ट्रीटला ‘सफेद गल्ली’ म्हणत, कारण तिथे पूर्व युरोपातून आणलेल्या गोऱ्या बायका असत. आज बहुतेक खोल्यांत छोटे कारखाने आहेत, पुनर्विकासाच्या पाट्या लागल्या आहेत आणि धंदा थोड्या गल्ल्यांत आक्रसला आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह 1972 चा. तो गोलपिठा याच टापूत येतो.

गोऱ्या शिपायांना गुप्तरोग फार होतात, ही ब्रिटिश सरकारची जुनी डोकेदुखी. उपाय म्हणून 1868 मध्ये सांसर्गिक रोग कायदा केला. वेश्येनं पोलिसांत नोंद करायची, ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर व्हायचं, रोग दिसला तर ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या बंद इस्पितळात बरं होईपर्यंत राहायचं. न गेल्यास दंड किंवा तुरुंग. मुंबईत कायदा 1870 मध्ये लागू झाला आणि दोनच वर्षांत बंद पडला. कारण दयाबुद्धी नव्हे. खर्च कोणी द्यायचा यावरून सरकार आणि नगरपालिका यांचं वाजलं. शिवाय हजारो बायका नोंदणीला आल्याच नाहीत: कुणी वस्ती बदलली, कुणी आपण अमक्याची ठेवलेली आहे असं सांगितलं, कुणी नाचगाण्याचा धंदा लावला. 1880 मध्ये कायदा पुन्हा आणला. तिकडे इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर या बाईनं असल्याच कायद्याविरुद्ध रान उठवलं होतं. तिथला 1886 मध्ये रद्द झाला, इथला 1888 मध्ये. वैद्यकाच्या दृष्टीनं हा सगळा उद्योग फुकट होता. उपदंशावर तेव्हा मुख्य औषध पारा हेच होतं, जखम भरली की रोग गेला असं धरून बाईला सोडत, आणि तिच्याकडे येणारा शिपाई वा गिऱ्हाईक कुणी तपासतच नव्हतं. अर्धाच रोगी तपासायचा आणि साथ थांबेल म्हणायचं, हे गणित कुठल्याही वैद्याला पटण्यासारखं नाही. तरी ते वर्षानुवर्षं चाललं, कारण ते वैद्याचं गणित नव्हतंच.

बायकांना तपासायला पोलिसांकडे माणसं होती. कुंटणखान्याच्या आत काय चालतं ते बघायला नव्हती. डंकन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवर, 1917 मध्ये अकूताई नावाच्या बाईला कुंटणखान्यात मारून मारून ठार केलं. ती पळून गेली होती, तिला पकडून परत आणलं होतं. खटला गाजला, शेजाऱ्यांनी किंकाळ्या ऐकल्या होत्या हे बाहेर आलं, पोलिसांना असल्या घरांची माहिती होती हेही बाहेर आलं. 1923 मध्ये मुंबईत वेश्याव्यवसायविरोधी कायदा झाला, त्यामागे या खुनानं उठवलेली खळबळही होती.

जुना कायदा गेला, जुनी सवय गेली नाही. 1996 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपास धाडी घालून चारशेहून अधिक मुली-बायका ‘सोडवल्या’ आणि सुधारगृहांत ठेवल्या. त्यांची एचआयव्हीची तपासणी झाली, आकडे वर्तमानपत्रांत आले. निम्म्याच्या आसपास मुली नेपाळच्या होत्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला राजी नव्हतं. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्था पुढे झाल्या. गिऱ्हाइकांची तपासणी याही वेळी झाली नाही.

इथून नागपाडा ओलांडून पूर्वेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की जे. जे. येतं. नागपाड्याच्या नाक्यावर चहा घ्यायचा असेल तर आत्ताच घ्या, कारण पुढचा थांबा मोठा आहे.

जमशेटजी जिजीभॉय यांचा जन्म 1783 चा. तरुणपणी ते चीनच्या सफरी करत. 1805 मध्ये ‘ब्रन्सविक’ नावाचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. जमशेटजी त्यावर होते आणि विल्यम जार्डिन नावाचा जहाजावरचा डॉक्टरही होता. कैदेतली ती ओळख आयुष्यभर टिकली. डॉक्टरनं पुढे डॉक्टरकी सोडली आणि जार्डिन मॅथेसन ही चीनला अफू विकणारी बलाढ्य पेढी काढली. मुंबईहून माळव्याची अफू आणि कापूस पाठवणारे त्याचे मोठे भागीदार जमशेटजी. चीननं अफू अडवली म्हणून इंग्लंडनं युद्ध केलं, ते 1842 मध्ये संपलं. त्याच वर्षी जमशेटजी ‘सर’ झाले. पुढच्या वर्षी, 3 जानेवारी 1843 रोजी, त्यांनी दिलेल्या लाख रुपयांच्या इस्पितळाचा पाया घातला गेला. 1845 मध्ये इस्पितळ आणि शेजारचं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. कॉलेजला नाव गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचं. इथल्या मुलांना युरोपीय वैद्यक शिकवता येईल हा हट्ट त्यांचा. ते स्वतः 1838 मध्येच वारले होते.

अफूच्या पैशाचं इस्पितळ म्हणून नाक मुरडण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या काळी अफू विकणं इंग्रजी कायद्यानं सरळ व्यापार होता आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनी सरकार स्वतः खात होतं. पण जमशेटजींच्या दानशूरपणाच्या मराठी धड्यांतून ‘अफू’ हा शब्द नेमका गळतो, तेवढं मात्र खटकतं.

याच इस्पितळात डॉ. सखाराम अर्जुन काम करत, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये ज्या आठ जणांनी काढली त्यांपैकी ते एक. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईनं नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, नवरा 1884 मध्ये कोर्टात गेला, आणि 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. ती कैदेला तयार झाली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, आणि सुरत व राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळांत तिनं उभं आयुष्य घालवलं. पुनर्विवाहित आईची मुलगी, डॉक्टरच्या घरात वाढलेली, म्हणून तिला ‘बिघडवलं’ कोणी, याचं उत्तर टीकाकारांना आयतंच मिळालं होतं.

जे. जे.च्या आवारात आणखीही पुष्कळ घडलं. हाफकिनची ती खोली इथलीच. 12 सप्टेंबर 1992 च्या पहाटे दाऊदच्या माणसांनी वॉर्डात शिरून उपचार घेणाऱ्या एका गुंडावर गोळ्या झाडल्या, त्यात पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मेले. त्यावर सिनेमे निघाले. ज्या प्रकरणावर सिनेमा निघाला नाही ते त्याच्या सहा वर्षं आधीचं.

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे.तले काही रुग्ण अचानक लघवी बंद होऊन मरू लागले. कुणी मेंदूच्या आजारासाठी दाखल झालेलं, कुणी डोळ्यांच्या. चौदा जण गेले. त्यांच्यात समान गोष्ट एकच: सगळ्यांना ग्लिसरॉल पाजलं होतं. ग्लिसरॉल हे साधं, गोड, दाट द्रव्य. पोटात गेलं की रक्तात उतरतं आणि मेंदूतलं वा डोळ्यातलं जादा पाणी ओढून घेतं, दाब उतरतो. इथे आलेला माल औषधी दर्जाचा नव्हता, कारखान्यात वापरायच्या दर्जाचा होता आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. तेही गोड, तेही दाट, दिसायला हुबेहूब, आणि स्वस्त. शरीरात त्याचं डायग्लायकोलिक ॲसिड होतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका मारून टाकतं.

न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. आयोगापुढे आलं ते एका विषारी पिंपाच्या पलीकडचं होतं: निविदा कशा निघाल्या, नमुना कुणी तपासला आणि कुणी न तपासता सही केली, औषध प्रशासन झोपलं कसं, कुणाच्या शिफारशीनं कुणाची बदली थांबली. अहवालात रुग्णालयावर, औषध प्रशासनावर आणि मंत्र्यांवर ताशेरे होते. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना 1988 मध्ये राजीनामा द्यावा लागला. या फेरीतल्या सगळ्या चौकशांत ही मला सर्वांत मोलाची वाटते. मुलकोवालला एका बाटलीसाठी एका शास्त्रज्ञाला धरलं होतं. लेंटिन यांनी बाटलीपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक सही हाताळली.

हे विष काही जे. जे.त पहिल्यांदा आलं नव्हतं. अमेरिकेत 1937 मध्ये सल्फाच्या एका गोड औषधात तेच मिसळलेलं होतं, शंभराहून अधिक माणसं मेली, बरीचशी मुलं. अमेरिकी औषध खात्याला तो माल जप्त करता आला तो विषारी म्हणून नव्हे. बाटलीवर ‘एलिक्सिर’ लिहिलं होतं आणि आत अल्कोहोल नव्हतं, म्हणजे नाव खोटं होतं, एवढ्याच कलमाखाली. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. आपला औषध कायदा 1940 चा. त्यानंतर मद्रासला 1973 मध्ये, मग जे. जे., मग 1998 मध्ये गुरगाव, 2019-20 च्या हिवाळ्यात जम्मूतलं रामनगर; आणि 2022 मध्ये भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांवरून गांबियात. विष तेच, आणि ते ओळखायची चाचणी साध्या प्रयोगशाळेत होण्यासारखी.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ते आमच्या विदर्भाच्या उंबऱ्याशी आलं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुलं सर्दी-खोकल्याचं औषध घेऊन लघवी बंद पडून नागपूरच्या दवाखान्यांत दाखल होऊ लागली. वीसहून अधिक मुलं गेली. औषध तामिळनाडूत कांचीपुरमजवळ बनलेलं होतं. तिथल्या औषध खात्याच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल निघालं 48.6 टक्के. परवानगी आहे ती 0.1 टक्क्याची. पहिली अटक झाली ती चिठ्ठी लिहिणाऱ्या स्थानिक डॉक्टरला. कंपनीचा मालक काही दिवसांनी चेन्नईत पकडला गेला.